उचकी

"मावशी, गाडीला उचकी लागली,"
सेक्टर आठच्या सिग्नलला कियान म्हणाला,
आणि मागच्या बाकांवरची नऊ पोरं
कोण आठवण काढतंय त्याची नावं घेऊ लागली:
आजी, टीचर, स्वरांगीचा मेलेला पोपट.
कुठल्याच नावाला ती थांबली नाही.
क्लच सोडला की खालून एक धप्प,
रिव्हर्सला दोन.

घरी मी काही बोलले नव्हते.
मोरेश्वर जेवताना म्हणाला,
"तीन दिवस ऐकतोय, तू गेटातून वळवतेस तेव्हा.
माउंटिंग गेलंय. गिअरबॉक्सचं, इंजिनाचं नाही."
आणि भातावर आमटी ओतली, थोडी ताटाबाहेर.
शुगरने डोळे नेले त्याचे,
कान तेवढे सोडले.

रविवारी ऐरोलीत दिवा गावाच्या तळ्यामागे
जमीन सपाट आहे तिथं व्हॅन लावली.
चाकांना विटा,
खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा.
इंजिन बंद. मी आडवी.

"काय दिसतंय?"
चिखल.
"चिखल सगळ्यांच्याच गाडीला असतो. पुसून बघ."
पुसलं. आडव्या पट्टीवर टेकलेली गिअरबॉक्सची शेपटी
आणि मध्ये रबराचा तो गट्टू,
कियानच्या मुठीएवढा.
"हात फिरव. कोरडा की चिकट?"
चिकट.
"तेल प्यायलाय. फुगला असेल."
फुगलाय. आणि डाव्या अंगाला भेग,
थंडीत टाचेला पडते तशी.
"टॉमी लाव. हळू.
उपटायचं नाहीये, नुसतं विचारायचंय."
विचारलं, तर भेगेने तोंड उघडलं,
काळा भुगा माझ्या गालावर.

मला तेवढ्यावर पुरे होतं.
त्याला नाही. "चालू करून बघू.
एकाने पेडलवर बसायचं, एकाने बघायचं,
हे एकट्याचं कामच नाही," म्हणाला
आणि दाराचा पत्रा चाचपत,
माझा हात न मागता
ड्रायव्हरच्या सीटवर चढला.
दोन वर्षं सात महिन्यांनी.

मी बाहेर सरकले, पायरीच्या कडेला,
अंग सगळं बाहेर, नजर तेवढी आत.
"बाजूला आहेस ना?"
आहे.
"बोलत राहा, म्हणजे कळेल कुठे आहेस."
काय बोलू?
"काहीही. पोरांची नावं घे, स्टॉपप्रमाणे."

कियान. पाटणकरांची जुळी.
(हँडब्रेक करकरला.)
अन्वी. रुद्राणी.
(ब्रेकवर पाय, पहिला गिअर.)
ओजस, म्हणाले मी, आणि क्लच अर्ध्यावर आला,
लोखंड बोटभर वर उचललं,
गट्टूने धरलंच नाही. धप्प.
रिव्हर्स. धप्प, धप्प.
पण पाय काय सोडला त्याने!
दुधावरची साय उचलावी तसा.
मला अजून तेवढा हळू येत नाही.

"किती उचलला?"
बोटभर.
"कुणाचं बोट?"
माझं.
"मग फार नाही," म्हणाला, आणि हसला.
मी राहिलेली नावं घेतली, उगाच,
इंजिन बंद झाल्यावरसुद्धा.

रबाळ्याला हिराजी मढवीला फोन लावला.
गट्टू साडेसातशे, मजुरी वेगळी,
मंगळवारी दोन शाळांच्या मधल्या वेळात ये,
तोवर झटके देऊ नकोस, वहिनी.
विटा उचलल्या, पुठ्ठा दुमडून मागे टाकला,
गाल पुसला, आणखी काळा झाला.
तो उतरला नव्हता.
तळ्याकडे तोंड करून बसला होता,
एक हात स्टिअरिंगवर,
दुसऱ्याने वर काहीतरी चाचपत.

सोमवारी सव्वासहाला आरशात बघितलं
तर मागची बाकं नाहीत, नुसतं छत
आणि छताला कुणीतरी चिकटवलेली चांदणी.
आपल्या उंचीला फिरवून ठेवला होता त्याने.
कियानच्या गेटापर्यंत गाडी रिकामीच असते.
तिथवर राहू दिला तसाच.